वडिलांच्या कपाटात सापडलेला डॅनिश पाईप: वरचं खडबडीत तोंड रंधा मारून सपाट करावं का?

पवईकर | बुधवार, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईचा आहे.

वडील जाऊन दोन वर्षं झाली. परवा आईनं त्यांचं लोखंडी कपाट एकदाचं माझ्या ताब्यात दिलं. खालच्या खणात, पगाराच्या जुन्या स्लिपांच्या गठ्ठ्यामागे, मफलरीत गुंडाळलेला त्यांचा पाईप निघाला. वडील पवईला एल अँड टीत नोकरीला होते. ‘हा पाईप डॅनिश साहेबांनी दिलाय’ हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं. कोणते साहेब, कशाबद्दल दिला, हे कधी विचारलं नाही. रविवारी सकाळी गॅलरीत बसून ओढायचे आणि आई आतून खिडकी लावून घ्यायची, एवढंच आठवतं.

आता पाईपाचं वर्णन. मुठीत मावतो, दिसतो त्यापेक्षा हलका. वाटी तळाशी अरुंद आणि वर कळी उमलावी तशी रुंद. अंगावर खालून वर जाणाऱ्या बारीक उभ्या रेषा, फार देखण्या. पण वरची कड सपाट नाहीच! झाडाची साल असावी तशी खडबडीत, काळपट. दांडीचं टोकही तसंच ओबडधोबड. तोंडात धरायचा भाग काळा, त्यावर मण्यांसारखे दोन फुगवटे. दांडीखाली शिक्का आहे: ‘बेन वेड’, आणि त्याखाली ‘हँड मेड इन डेन्मार्क’. नेटवर शोधलं तर बेन वेड ही इंग्लंडातल्या लीड्सची जुनी कंपनी निघाली. मग डेन्मार्क कुठून आलं? नकली आहे का?

घाईचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीत काम करणारे सुतारमामा. त्यांना दाखवला तर म्हणाले, “काम अर्धवट सोडलंय कोणीतरी. शनिवारी आणा, वरून रंधा मारून सपाट करून देतो. पॉलिश माझ्याकडून.” देऊ का?

गावठी गालिब | बुधवार, रात्री १०:५२

शीर्षकातलं ‘पाईप’ वाचून धावत आलो. आमच्या मोरीतला अर्धा इंची जीआय पाईप चार दिवस गळतोय. इथे तर भलतंच निघालं. असो, आलोच आहे तर बसतो.

दर्यावर्दी | बुधवार, रात्री ११:०५

पवईकर, रंधा नको! सुतारमामांना चहा पाजा आणि परत पाठवा.

ते अर्धवट काम नाही, तीच त्या पाईपाची ओळख आहे. सविस्तर उद्या लिहितो, आत्ता जहाजावर माझी पाळी सुरू होतेय. तोवर पाईपाला हात लावू नका.

चिमणाबाई | गुरुवार, सकाळी ७:१५

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). ओढणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, पण कपाटातून निघालेल्या वस्तूंचे धागे मी सोडत नाही.

सुताराची लेक | गुरुवार, सकाळी ९:३०

दर्यावर्दी येईपर्यंत लाकडापुरतं मी बोलते.

हे लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी, म्हणजे कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीतलं कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया या भागात एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं. त्याचं मूळ आणि खोड जिथं जुळतं तिथं जमिनीत एक गड्डा वाढतो. सुरणाचा गड्डा डोळ्यांसमोर आणा, फक्त लाकडाचा. पाईप होतो तो या गड्ड्याचा. वणवा आला तर झुडूप वरून जळून जातं आणि गड्ड्यातून परत फुटतं, त्यामुळे हे लाकूड चिवट आणि उष्णता सोसणारं. गड्डा कापून तांब्याच्या मोठ्या हंड्यात बारा-बारा तास उकळतात, चीक आणि कडवटपणा जाईपर्यंत. मग महिनोन् महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षं सावलीत वाळवतात.

गड्ड्याच्या आतल्या बाजूचे तुकडे कारखान्याच्या साध्या पाईपांना जातात. बाहेरच्या बाजूचा, सालीला लागून असलेला तुकडा म्हणजे ‘प्लॅटो’. तंतू गड्ड्याच्या आतून बाहेर सालीकडे धावतात. पाईपाचं तोंड सालीकडे ठेवून घडवलं की अंगावर उभ्या रेषा येतात आणि वर सालीचा खडबडीतपणा राहतो. तुमच्या वर्णनात दोन्ही आहे. म्हणजे ज्यानं केला त्यानं तुकडा कसा धरायचा हे ठरवूनच केलंय.

रंध्याबद्दल: गाठीच्या लाकडावर रंधा मारला तर पातं अडतं आणि खवले उपटून येतात. माझ्या बाबांनी एकदा सागाच्या गाठीवर हट्टानं मारला होता. तो पाट अजून माळ्यावर आहे, त्यावर कोणी बसत नाही.

गावठी गालिब | गुरुवार, सकाळी ९:४१

सुरणाचा गड्डा! आता तो पाईप पाहिला की मला घशात खवखवणार.

दर्यावर्दी | गुरुवार, दुपारी २:२०

सुताराची लेक, दंडवत. माझं निम्मं काम केलंत.

आता बेन वेडचं कोडं. तुमचा पाईप नकली नाही. तो प्रेबेन होल्मच्या कारखान्यातला आहे. होल्म कोपनहेगनचा, जन्म १९४७. विशीतच त्याच्या हाताखाली चाळीसच्या वर माणसं पाईप घडवत होती. असले बेबंद आकार, वर साल तशीच, दांडीचं टोक तसंच, स्टेमला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, मणी आणि कडी, हे सगळं त्यानं लोकप्रिय केलं. त्याला ‘फॅन्सी’ पाईप म्हणत. पण हिशोबाच्या बाजूनं गडी अडचणीत आला. तेव्हा न्यूयॉर्कचा हर्मन लेन हा तंबाखूचा व्यापारी मदतीला आला. लेनकडे बेन वेड या जुन्या इंग्रजी नावाचे हक्क होते. मग सत्तरच्या दशकात होल्मचे पाईप अमेरिकेत या नावाने विकले गेले. नाव इंग्लंडचं, हात डेन्मार्कचे, गिऱ्हाईक अमेरिकेचं. होल्म १९८९ साली गेला, वय जेमतेम बेचाळीस.

मी गोळा करतो ते हेच. वीस-बावीस आहेत. बायकोच्या मते त्यातले सगळे ‘जळालेल्या मुळासारखे’ दिसतात. तसं पाहिलं तर ती चुकत नाही.

आबा ब्रायर | गुरुवार, दुपारी ४:१०

धागा चांगला आहे, पण दर्यावर्दींच्या उत्साहाला थोडी वेसण घालतो.

होल्म म्हणजे पाईपातली बेलबॉटम. सत्तरच्या दशकात सगळ्यांनी घातली, नंतर फोटो लपवले. ‘डॅनिश फ्रीहँड’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ते सालपट येतं, हे दुर्दैव आहे. फ्रीहँडचा मूळ अर्थ एवढाच, की आकार साच्याच्या यंत्रावर न कापता नुसत्या हातानं, फिरत्या चकतीला लावून घडवायचा. वर साल असो वा नसो.

याची सुरुवात सिक्स्टेन इवार्सनपासून (१९१०–२००१). हा मूळचा स्वीडिश, कोपनहेगनमध्ये वसुलीचं काम करायचा. एकदा त्याचा स्वतःचा पाईप मोडला म्हणून सूर नावाच्या माणसाच्या पाईप-दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथे त्यानं तो आपल्या हातानंच दुरुस्त केला आणि दुकानदारानं त्यालाच कामाला ठेवलं. तोवरची रीत अशी, की ठोकळ्याला आधी भोकं पाडायची, मग त्या भोकांभोवती आकार कापायचा. इवार्सननं रीत उलटी केली. आधी लाकडाच्या रेषा पाहून बाहेरचा आकार घडवायचा, भोकं मागाहून पाडायची. वाकड्या आकारात वाटीचं भोक आणि दांडीचं भोक बरोबर तळाशी गाठ घालतील असं पाडणं म्हणजे काय, हे एकदा ड्रिल हातात धरून पाहा. पण त्यामुळे लाकूड सांगेल तसा आकार घेता आला. पुढचे सगळे याच वाटेनं गेले. येस कोनोविच, मुलगा लार्स इवार्सन, आणि आता नात नाना इवार्सनही हेच काम करते. स्वीडनमधला बू नूर मोटरसायकलच्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला खिळला, आणि त्याच खुर्चीतून त्यानं या धंद्यातले सगळ्यात नेमके पाईप घडवले.

यांच्या पाईपांना आज हजारो डॉलर मोजतात. होल्म जुन्या बाजारात त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. त्यामागे कारण आहे.

दर्यावर्दी | गुरुवार, दुपारी ४:३५

आबा, कारण आहेच. तो स्वस्त होता म्हणून माझ्यासारख्या तिसऱ्या इंजिनियरला पगारात घेता आला. तुमचा इवार्सन काचेच्या कपाटात बसतो, माझा होल्म खिशात.

आबा ब्रायर | गुरुवार, दुपारी ४:३९

माझ्याकडे इवार्सन नाही. असता तर मी इथे वाद घालत बसलो असतो का?

चिमणाबाई | गुरुवार, दुपारी ४:४४

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

ड्रॉइंगचे मास्तर | गुरुवार, संध्याकाळी ६:००

‘फ्रीहँड’ म्हटल्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएट आठवली. मुक्तहस्त चित्राच्या पेपरात आधी मधली उभी रेघ मारायची आणि डावी बाजू काढून उजवी तंतोतंत तशीच काढायची. पट्टी दिसली तर मार्क गेले. नाव मुक्तहस्त, पण हाताला मोकळीक कसली ती नाहीच. आबांनी सांगितलेले इवार्सनवाले त्या पेपरात पहिले आले असते आणि दर्यावर्दींचा होल्म नापास. मला स्वतःला नापास विद्यार्थी जास्त लक्षात राहिले, ही गोष्ट वेगळी.

स्ट्रॉयेटवरची सई | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

कोपनहेगनहून नमस्कार. स्ट्रॉयेट ही इथली गाड्यांना बंद असलेली लांबलचक बाजारपेठ, माझा रोजचा रस्ता. डब्ल्यू. ओ. लार्सन हे इथलंच १८६४ पासूनचं तंबाखूचं नाव. मागच्या शतकात त्यांच्यासाठी पाईप घडवून कितीतरी कारागीर पुढे नावारूपाला आले.

माझ्या ऑफिसात पाईप ओढणारा एकही नाही. एका सहकाऱ्याचे आजोबा ओढायचे, बस. इथली तरुण पोरं आता निकोटीनची पांढरी पुडी ओठात धरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गावच्या एसटी स्टँडची आठवण आली. फक्त हे थुंकत नाहीत.

पवईकर | गुरुवार, रात्री ९:१०

बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. सुतारमामांना ‘शनिवारी नुसतं बघायला या’ असं कळवलंय.

सई, लार्सन म्हणजे आमच्या एल अँड टीतले लार्सन का? वडिलांचा पाईप तिथूनच आला असेल तर गोष्ट जुळते.

स्ट्रॉयेटवरची सई | गुरुवार, रात्री ९:२६

नाही हो. इथे लार्सन म्हणजे आपल्याकडे पाटील. तंबाखूवाले लार्सन वेगळे, इंजिनियर लार्सन वेगळे.

निवृत्त वेल्डर | गुरुवार, रात्री ९:५०

मीही पवईला होतो. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, दोघं डॅनिश इंजिनियर. सिमेंटच्या यंत्रांच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली. होल्क-लार्सन साहेब २००३ साली गेले, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आमच्या काळात शॉपमध्ये कुठलीही चांगली वस्तू दिसली की ‘साहेबांनी दिली’ म्हणायची पद्धत होती. माझ्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर आहे. तोही साहेबांनीच दिला. :)

आबा ब्रायर | गुरुवार, रात्री १०:१५

पवईकर, तुमचा हिरमोड करायचा नाही, पण दर्यावर्दींनी सांगितलेली एक गोष्ट निसटतेय. बेन वेड हे नाव अमेरिकेतल्या विक्रीसाठी होतं. डॅनिश माणूस आपल्या गावातून होल्मचा पाईप आणता, तर त्यावर प्रेबेन होल्मचंच नाव असण्याची शक्यता जास्त. तुमचा पाईप बहुधा अमेरिकेतून आलेला आहे. घरात कोणी तिकडे होतं का तेव्हा?

पवईकर | गुरुवार, रात्री १०:३०

नाही. म्हणजे आठवत नाही. आईला विचारतो.

दातांचा डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ८:४५

कडू गोळी मीच देतो. पाईपाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक, हा समज चुकीचा आहे. तोंड, जीभ, घसा इथल्या कॅन्सरचा धोका पाईपानंही वाढतो. गोळा करा, पुसा, मांडा, पण ओढू नका.

अवांतर: स्टेमच्या टोकाला दातांच्या खुणा आहेत का? त्यावरून ओढणारा कुठल्या बाजूनं धरायचा ते कळतं. दवाखान्यात पाईपवाला पेशंट आला की दातांची झीज पाहूनच ओळखू येतो.

चिमणाबाई | शुक्रवार, सकाळी ९:००

डॉक्टरांना +१. मग माझा प्रश्न सरळ आहे. ओढायचा नाही तर गोळा कशाला करायचा? आमच्या आजोबांची चिलीम होती, मातीची. आजोबा गेल्यावर कोणी कपाटात नाही ठेवली, तुळशीजवळ फुटली आणि गेली.

सुताराची लेक | शुक्रवार, सकाळी ९:४०

चिमणाबाई, पितळी अडकित्ता घरात असतोच की, सुपारी खात नसलो तरी.

आणि चिलीम पुन्हा कुंभाराकडे मिळते. ब्रायरचा तुकडा तसा नाही. घडवताना आत कुठे खडा, चीर किंवा किडीचं भोक निघेल सांगता येत नाही. चांगला कारागीर दोन दिवस घासलेला पाईप शेवटच्या क्षणी उगवलेल्या एका टाचणीएवढ्या भोकापायी टाकून देतो. काही जण त्यात लांबी भरतात. काही तो भाग टोचून खरबरीत करतात, म्हणजे खोट लपते. म्हणूनच पूर्ण गुळगुळीत, चहूबाजूंनी उभ्या रेषांचा पाईप महाग असतो. तिथे लपवायला जागाच नाही.

स्ट्रॉयेटवरची सई | शुक्रवार, दुपारी १२:३०

एक भर. या यादीत सगळे बापेच दिसताहेत. पौल रास्मुसेन हा नावाजलेला पाईपकार अकाली गेला. त्याच्यामागे त्याची बायको आन यूली हिनं त्याची हत्यारं उचलली आणि स्वतःच्या नावानं पाईप घडवले. नंतर टॉम एल्टांगसारखा कारागीर तिच्याच हाताखाली शिकला. तिचे आकार कुठल्याच खानदानाला धरून नाहीत. आबांची बेलबॉटम नाही आणि मास्तरांची मधली रेघही नाही.

आबा ब्रायर | शुक्रवार, दुपारी १२:५५

मान्य. आन यूली राहिली ही माझी चूक. आणि स्टॅनवेलही राहिलं. युद्धात डेन्मार्कला ब्रायर मिळेना, तेव्हा १९४२ च्या सुमारास पौल नील्सननं चक्क बीचच्या लाकडाचे पाईप करायला घेतले. युद्ध संपल्यावर ब्रायर आलं आणि पाठोपाठ इंग्लंडचे पाईपही येणार हे दिसलं, तसं त्यानं मालाला इंग्रजी वाटेल असं स्टॅनवेल हे नाव दिलं. पुढे स्वतःचं आडनावही तेच करून घेतलं! त्याच्या कारखान्याला आकार काढून दिले ते इवार्सननं. म्हणजे साहेबाच्या दुकानातला आकार सामान्य माणसाला कारखान्याच्या भावात. तो डॅनिश कारखाना २००९ च्या अखेरीस बंद झाला, काम इटलीला गेलं. माझ्याकडे असलेले सगळे तेच, जुने, डेन्मार्कचा शिक्का असलेले.

गावठी गालिब | शुक्रवार, दुपारी १:०२

मालासाठी आडनाव बदललं? आमच्याकडे लोक घरासाठी धर्म बदलतील, पण आडनाव नाही.

पवईकर | शुक्रवार, रात्री ११:२०

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही सांगताना ओशाळवाणं वाटतंय.

पहिली कबुली. परवा, दर्यावर्दींचं ‘हात लावू नका’ वाचण्याआधीच, मी स्टेम सुटा करून गरम पाण्यात टाकला होता. निर्जंतुक करावा म्हणून. बाहेर काढला तर काळ्याचा शेवाळी झाला होता. पावसाळ्यात कठड्याला येतो ना, तसा हिरवट-पिवळा. वास गंधकाचा. दोन दिवस तुमच्यापासून लपवलं.

दुसरी गोष्ट उद्या. आत्याला फोन लावला होता, तिचं बोलणं अजून पचतंय.

दर्यावर्दी | शनिवार, पहाटे ५:१०

रडू नका, बहुतेकांनी हे एकदा केलेलं असतं. मी आंघोळीच्या बादलीत केलं होतं.

स्टेम व्हल्कनाइटचा आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि गरम पाणी लागलं की पृष्ठभागावर गंधक वर येतं आणि रंग जातो. आतला काळा शाबूत आहे. पाण्याचा सॅंडपेपर घ्या, ४०० नंबरपासून २००० पर्यंत, दर पायरीला पाण्यात बुडवून. मग कापडावर पॉलिश. मण्यांच्या खाचांत पट्टी कापून दोरीसारखी फिरवा. दांडीला लागणारी कड घासताना स्टेम पाईपात बसवूनच घासा, नाहीतर कड गोल होते आणि जोडात फट दिसते. त्यासाठी दांडीवर आधी चिकटपट्टी लावा.

लाकडाला पाणी मात्र एक थेंब नको. आतली काजळी पूर्ण खरवडू नका, नाण्याच्या जाडीचा थर राहू द्या.

आबा ब्रायर | शनिवार, सकाळी ८:३०

दर्यावर्दींशी शंभर टक्के सहमत. (तारीख लिहून ठेवा.)

दातांचे खड्डे असतील तर तेही निघतात. व्हल्कनाइटला मूळ आकाराची आठवण असते. खड्ड्यावर लायटरची आच लांबून, झरझर फिरवली की तो आपसूक वर येतो. आधीच गरम पाणी झालंय म्हणजे थोडे उठले असतीलच. माझ्याकडे पाठवलात तर मी करून देईन, पैसे नकोत. खुणा गेल्या की किंमतही वाढते.

पवईकर | रविवार, सकाळी ११:४५

काल सुतारमामा आले. त्यांना मी हे सगळं सांगणार होतो, पण त्यांनीच पाईप उजेडात धरला, अंगठ्यानं रेषांवरून वर वर नेत सालीपाशी थांबले आणि म्हणाले, “त्या दिवशी चष्मा नव्हता. हे उभं लाकूड आहे, वर रंधा लागायचा नाही. ज्यानं केलंय त्याला माहीत होतं.” मग चहा घेतला आणि खिडकीची बिजागरी दुरुस्त करून गेले. तिचे पैसे घेतले.

आता आत्याची गोष्ट. आबा, तुमचं बरोबर निघालं. आत्या म्हणाली, “कसला साहेब! शिकागोहून माझा दीर आला होता ७७ साली, त्यानं आणला. माझ्या नवऱ्यासाठी आणलेला. ह्यांना ठसका लागायचा म्हणून मी तुझ्या बापाला दिला.” मी विचारलं, मग बाबा साहेबांचं नाव का सांगायचे? तर म्हणाली, “शेजारच्या चिटणीसांना साहेबांनी पेन दिलं होतं.”

आईला हे सांगितलं. ती म्हणाली मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे.

डॉक्टर, खुणा आहेत. डाव्या बाजूला, वर एक खोल आणि शेजारी एक तिरकी. बाबांचा डावीकडचा दात क्रिकेटमध्ये टवका उडालेला होता. तिरकी खूण त्याचीच. गरम पाण्यानं ती थोडी भरून आलीय, पण नखाला अजून लागते.

आबा, तुमच्या सांगण्याबद्दल मनापासून आभार. रंग मी घरीच काढतोय, ६०० नंबरपर्यंत पोचलो. टोकाला चिकटपट्टी लावून ठेवलीय, तेवढं घासणार नाही.

आबा ब्रायर | रविवार, दुपारी १२:०५

ठीक. चिकटपट्टी दर पायरीला बदला, नाहीतर तिचा डिंक धरतो.

दातांचा डॉक्टर | रविवार, दुपारी १२:३०

वरचा सुळा किंवा त्यामागचा. फोटो टाका, सांगतो.

निवृत्त वेल्डर | रविवार, दुपारी १:१५

चिटणीस कुठल्या खात्यातले? ते पेन मी पाहिलेलं असावं. फोर्टातून घेतलेलं होतं.

चिमणाबाई | रविवार, दुपारी १:२०

वेल्डरकाका, नका हो!

नवीन सभासद ४४ | रविवार, रात्री ८:५०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या मामांकडे असाच खडबडीत तोंडाचा एक आहे, त्यावर फक्त ‘एस ओ एन’ अशी तीन अक्षरं आणि खाली कोपनहेगन. कोणाच्या मुलाचा वगैरे आहे का?

दर्यावर्दी | रविवार, रात्री ९:३०

मुलाचा नाही. एस म्हणजे स्कोबो, एन म्हणजे नॉर्डिंग, दोघं भागीदार. एरिक नॉर्डिंग मूळचा इंजिनियर, पुढे स्वतःच्या नावानं निघाला आणि या सालवाल्या पाईपांत मोठा झाला. मधल्या ‘ओ’चं सई सांगेल.

स्ट्रॉयेटवरची सई | रविवार, रात्री ९:४४

‘ओ’ म्हणजे ‘ओग’. डॅनिशमध्ये ‘आणि’. बोलताना शेवटचा ग खातात. नवीन सभासद, मामांना सांगा, स्टेम गरम पाण्यात घालू नका.